पावणेतीन मणांची स्प्रिंग

आमच्या घराण्यात पाच पिढ्या घोड्यावर बसल्या. दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले ते सगळे शिलेदार, आणि त्यांच्या दंडांच्या, मांड्यांच्या आणि भुकेच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. सहाव्या पिढीत मी झालो. ऐन तेविसाव्या वर्षी माझं वजन एक मण बारा शेर होतं, म्हणजे हल्लीच्या हिशेबात अठ्ठेचाळीस किलो, आणि त्यात पावशेर चष्मा होता.

आईवडील लवकर गेल्यामुळे मला आत्यानं वाढवलं. ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर राहायची. तिचं स्वतःचं वजन दोन मणांच्या खाली कधी आलं नाही, त्यामुळे तिच्या घरात मी असा वाळलेला दिसतो याचा तिला चारचौघांत कमीपणा वाटे. 'लोक म्हणतील, बाई स्वतः खाते आणि पोराला घालत नाही,' हे तिचं दुःख. पडाव भागात, स्टेशनात वजनाचं यंत्र होतं. आणा टाकला की तिकीट यायचं, वर वजन आणि खाली भविष्य. दर दिवाळीनंतर ती मला तिथं नेऊन यंत्रावर उभा करी. वजन तेच निघे. भविष्य मात्र दरवेळी चांगलं असे, म्हणून ती तेवढाच भाग शेजारणींना वाचून दाखवी.

मी नोकरीला लागलो तेव्हा संस्थान जाऊन मध्यभारत झालेलं होतं. लहानमोठी पंचवीसेक संस्थानं एका पोत्यात भरली होती आणि पोतं कोणी उचलायचं यावर ग्वाल्हेर आणि इंदूर यांचं जमत नव्हतं. म्हणून राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे असे आणि उन्हाळ्यात इंदूरला जाई. फायली पेट्यांत भरून जायच्या आणि पेट्यांत भरून यायच्या. मला हवी असलेली फाईल कायम दुसऱ्या गावी असायची.

सगळ्या संस्थानांच्या नोकरांची मिळून एक यादी व्हायची होती. कोणाचा ओव्हरसियर कोणाच्या बरोबरीचा, कोण वर आणि कोण खाली, हे त्या यादीत ठरणार होतं, आणि जे कुठेच बसणार नाहीत ते 'फाजील' म्हणून घरी जाणार होते. मी रस्ते खात्यात अस्थायी निरीक्षक होतो. अस्थायी माणूस आणि फाजील माणूस यांच्यात साहेबाच्या एका सहीचं अंतर असतं.

त्यातून माझं लग्न किल्ल्यापलीकडच्या हजीरा भागातल्या एका मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ म्हणजे मुलगी मला पसंत होती, तिला मी चष्म्यासकट चालणार होतो, आणि तिचे वडील म्हणाले होते की नोकरी पक्की होऊ द्या, मग याद्या करू. 'सरकारी यादीत नाव लागलं की आमच्या यादीत लावू,' असं ते आत्याला अगदी गोड बोलून गेले. त्यांना दिलेले शंकरपाळे आत्याला नंतर आठवडाभर डाचत होते.

रस्ते तपासायला खात्यानं मला मोटारसायकल दिली. ही संस्थानच्या मोटारखान्यातली. विलायती, काळी, पुढे एक जाडजूड स्प्रिंग आणि मागच्या चाकाशी दोन. जुन्या राज्यात रस्त्यांचे मोठे अधिकारी एक सरदार होते, त्यांच्या दिमतीला ती असे. संस्थान गेल्यावर ते मुलाकडे पुण्याला गेले आणि मोटारखान्यातल्या मोटारी, जॅक, रिकामे डबे आणि मिस्त्री असे सगळे एकाच कागदावर आमच्या खात्याकडे वर्ग झाले.

मिस्त्री साठीला टेकलेले, आमच्यासारखेच दक्षिणी फौजेतल्या घराण्यातले. त्यांनी पहिल्या दिवशी मला नीट पाहून घेतलं. रुंदीत पाहण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे ते काम लवकर आटोपलं.

"तुम्ही चालवणार?" ते म्हणाले.

"हो."

"ही मालकांची गाडी आहे, बाबूसाहेब. हिला ऐसी-वैसी समजू नका."

मालक म्हणजे ते सरदार. मी किक मारायला लिव्हरवर उभा राहिलो. लिव्हर जागची हलली नाही, मी नुसता उंच झालो. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनीच किक मारून दिली आणि दुसरीकडे पाहिलं, तेवढी त्यांच्यात मुरव्वत होती.

बाड्याला वळसा घालून मी निघालो आणि पहिल्याच खड्ड्याशी गाडीनं मला टाकायचा प्रयत्न केला. खड्डा म्हणण्यासारखा नव्हता, टांग्याच्या घोड्यानं पाय घासला असेल इतपतच. पण हँडल माझ्या हातात उसळलं, सीट खालून वर आली, आणि मी क्षणभर गाडीपासून संपूर्ण वेगळा होतो. परत खाली आलो तेव्हा गाडी पुढे गेलेली होती, त्यामुळे सीटच्या मागच्या कडेवर आलो. ज्याच्या पाच पिढ्या घोड्यावर बसल्या अशा माणसाला हे शोभत नव्हतं.

खात्याकडे रस्ता चांगला की वाईट हे ठरवायचं एक माप नव्हतं. म्हणजे पंचवीस होती. एका संस्थानात राजेसाहेब ज्या रस्त्यानं जात तो पहिल्या दर्जाचा, राणीसाहेब जात तो दुसऱ्या, आणि रयत जाई तो दर्ज्यातच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी रस्ता एकच होता, म्हणून दर्जे पाडायची वेळ आली नव्हती. मी नवा, उत्साही, आणि एकत्रीकरणाच्या काळातला माणूस. मी सगळ्यांना लागू पडेल असं शास्त्रीय माप काढलं. मैलाला आपण सीटवरून किती वेळा उडतो ते मोजायचं. पाचापर्यंत रस्ता चांगला, दहापर्यंत मध्यम, पुढे खराब.

पहिल्या दोन महिन्यांत ग्वाल्हेरच्या आसपासचा एकही रस्ता माझ्या हातून सुटला नाही. लष्कर ते पडाव, मैलाला एकोणीस, खराब. किल्ल्याखालून हजीऱ्याला जाणारा, बावीस, खराब. हजीऱ्यापुढे खात्यानं नुकतीच एक नवी सडक बांधली होती, तिच्यावर मी सदतिसापर्यंत मोजलं आणि मग जीभ चावली गेल्यामुळे मोजणं थांबवलं. घरी येऊन पोटावर झोपून अहवाल लिहिला. 'सदर रस्ता वाहनांस, जनावरांस व मनुष्यमात्रास अयोग्य आहे.' ते वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून मी ते स्वच्छ अक्षरात दोनदा लिहून चांगलं होतं ते पाठवलं.

ती सडक आमच्या मोठ्या साहेबांनी जातीनं उभं राहून करवून घेतली होती. साहेब इंदूरचे. मराठीच, पण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ते जरा जपूनच वागवत. त्यांनी मला बोलावलं तेव्हा माझे सगळे अहवाल टेबलावर होते.

"काय हो निरीक्षक, तुम्ही रस्ता बघून राहिले की सर्कस करून राहिले?"

मी माझं माप समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी नव्या सडकेचा अहवाल वर काढला.

"सदतीस वेळा उडाले?"

"पुढे मोजलं नाही, साहेब."

"मी रोज पडावावरून मोटारीनं येतो. पाणी भरलेला गिलास धरून आलो तर थेंब नाही सांडणार. शनिवारी मी स्वतः तुमच्या गाडीवर बसून पाहतो. रस्ता खराब निघाला तर ज्यानं बांधला त्याला विचारू. चांगला निघाला, तर महिनाअखेर यादी वर सरकारकडे चालली आहे, त्यात तुम्हाला कुठे घालायचं ते मला माहीत आहे."

मला रात्री जेवण गेलं नाही. आत्यानं ते मनावर घेतलं नाही, कारण मला जेवण जात नाही हे तिच्या दृष्टीनं जुनंच होतं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. व्याही होऊ घातलेल्या माणसांकडे तिळगूळ घेऊन जायचं आत्याच्या मनात होतं आणि टांगा काही मिळेना. मागच्या कॅरियरवर उशी बांध, मी बसते, असं ती म्हणाली. सरकारी वाहनावर आत्या बसवू नये असं कोणत्याच संस्थानच्या नियमात नव्हतं. नऊवारी सावरून, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा धरून ती एका बाजूला पाय सोडून बसली. गाडीनं खाली एक सुस्कारा टाकला. गल्लीतल्या सगळ्या दारांतून माणसं पाहत होती आणि आत्या प्रत्येकाला मानेनं नमस्कार करत होती.

मी जीव मुठीत धरून निघालो. किल्ल्याखालचा रस्ता, बावीस उड्यांचा. पहिला खड्डा आला आणि गेला. दुसरा गेला. हँडल माझ्या हातात गरीब गाईसारखं होतं. हजीऱ्याला पोचलो तेव्हा एकही लाडू फुटलेला नव्हता आणि आत्या डोळे चोळत होती.

"तू तर म्हणायचास रस्ते वाईट आहेत," ती म्हणाली. "मला तर झोप लागून राहिली होती."

ग्वाल्हेरचे रस्ते खराब नव्हते. मी हलका होतो. दोन महिने मी माझ्या वजनाची मोजणी करून ती रस्त्यांच्या नावावर लिहीत होतो, आणि हे मला होणाऱ्या सासऱ्यांच्या दारात, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणताना कळलं. गोड बोलणं त्या दिवशी मला फारसं साधलं नाही.

आत्याला घरी सोडून थेट मोटारखान्यात गेलो.

"मिस्त्रीजी, ही गाडी माझ्या वजनाला बसत नाही."

"तुमचं वजन गाडीला बसत नाही, बाबूसाहेब."

मग त्यांनी सांगितलं. गाडी विलायतेहून आली तेव्हा कंपनीच्या स्प्रिंगा साधारण माणसाच्या होत्या. मालक पावणेतीन मणांचे. ते बसले की सगळी वेटोळी एकमेकांवर बसत आणि जरा कुठे खड्डा आला की लोखंडावर लोखंड ठक्क वाजे. म्हणून मालकांनी मुंबईहून दुसऱ्या स्प्रिंगा मागवल्या, ज्या गाडीला बाजूला माणसं बसवायचा डबा जोडतात तिच्यासाठी असतात त्या. मिस्त्रींनी त्या आपल्या हातानं बसवल्या.

"बसा," ते म्हणाले. मी बसलो. त्यांनी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी बोट लावून पाहिलं. "बघा. नखभर नाही दबली. माणूस बसला की दोन बोटं दबली पाहिजे, तीन नाही, एक नाही. मालक बसायचे तर बरोबर दोन बोटं. मी स्वतः लावायचो बोटं."

"मग माझी दोन बोटं दबतील अशी करून द्या."

"माझ्याकडून नाही होणार."

कंपनीच्या मूळ स्प्रिंगा त्यांच्याजवळच होत्या. लाकडी पेटीत, काळा रंग देऊन, तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. पेटी दाखवलीसुद्धा. पण मालक जाताना म्हणाले होते, गाडी आहे तशी ठेव, आणि मिस्त्रींनी ठेवली होती.

"अहो, पण मालक पुण्याला गेले."

"येणार आहेत."

"कधी?"

"ते नाही सांगितलं." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. "राजधानी जाते ना इंदूरला? येते ना परत? मग मालकांना काय झालं यायला?"

माझी नोकरी जाईल हेही मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांनी मला चहा पाजला, पण पेटीवरचं कुलूप काढलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की चहाही गोड लागला नाही.

शुक्रवारी मी स्वतःच उपाय करायचं ठरवलं आणि कॅरियरवर दीड मण गहू बांधून निघालो. गाडी सुंदर चालली. पण जकात नाक्यावर शिपायानं अडवलं.

"गेहूं कहां जा रहा है?"

"कहीं नहीं. वजन के लिए है."

"वजन के लिए तो सारा ही गेहूं होता है," तो म्हणाला आणि त्यानं मला तासभर बाकावर बसवून ठेवलं. सरकारी निरीक्षक सरकारी फटफटीवर गहू विकतो अशी बातमी माझ्या आधी लष्करात पोचली. आत्यानं गहू उतरवून घेतला आणि उद्या साहेबांना मीच मागे बसवून फिरवते म्हणाली. तिची ती तयारी खरी होती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

शनिवारी साहेब मोटारखान्यात आले. कोट काढून हेडकारकुनाच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या. साहेब अडीच मणांना कमी नव्हते. त्यांच्या पहिल्या लाथेला गाडी सुरू झाली. माझ्या मनात आशेला जी काय जागा होती ती तिथंच संपली.

पडावापर्यंत जाऊन ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. तरुणपणी कधीतरी चालवली असावी. "लोणी," ते म्हणाले. "लोण्यावरून चालली आहे गाडी. आणि ह्या रस्त्याला तुम्ही एकोणीस दिले?"

"साहेब, ते माझं वजन..."

"वजन काय? रस्ता माणसाचं वजन विचारतो का?" ते हेडकारकुनाकडे वळले. "ह्यांचं नाव खालच्या भागात टाका."

खालचा भाग म्हणजे फाजील. माझ्या डोळ्यांसमोर तिळाचे लाडू आले, का ते माहीत नाही.

तेव्हा मिस्त्री पुढे आले. हातातली टोपी त्यांनी पिळून पार दोरी केली होती.

"हुजूर, बाबू खोटं नाही बोलत. गाडीत स्प्रिंग मालकांच्या वजनाची आहे. आपण बसले म्हणून बरोबर दबली. ह्यांना ती फेकते. मला माहीत होतं. मी बदलून नाही दिली."

"का नाही दिली?"

"मालक म्हणाले होते, आहे तशी ठेव."

"कोण मालक?"

मिस्त्रींनी सरदारांचं नाव घेतलं. जुन्या रिवाजाप्रमाणे आधी सगळ्या पदव्या आणि मग नाव. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते गेले," ते म्हणाले. "आता गाडी सरकारची आहे. आणि ह्या क्षणी मी सरकार आहे. बदला."

मिस्त्रींनी कुलूप काढलं. साहेबांना खुर्ची आणवली, आणि तासभर आम्ही सगळे त्या पेटीतून निघालेल्या स्प्रिंगा गाडीत जाताना पाहत होतो. पुढची बसवताना त्यांनी मला पाना धरायला सांगितला. जुनी पावणेतीन मणांची स्प्रिंग त्यांनी जमिनीवर ठेवली नाही. आधी फडकं अंथरलं, मग ठेवली.

"बसा, बाबूसाहेब."

मी बसलो. त्यांनी बोटं लावली. मग चिमट्याच्या बाजूची चकती हातानं पिळली, सैल केली, पुन्हा एक आटा पिळली. "हलून दाखवा. आता उतरा. परत बसा." दहा वेळा मी उतरलो आणि बसलो. अकराव्यांदा त्यांनी वर पाहिलं. "दोन बोटं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी काम चांगलं झाल्याचा आनंदही होता. मला त्यांच्यावर धरलेल्या रागाची लाज वाटली.

साहेबांना आता राहवेना. ते पुन्हा बसले. गाडी खाली गेली ती गेलीच. फाटकाच्या उंबऱ्यावरच ठक्क असा आवाज झाला, पुढे नाल्याच्या पुलाशी आणखी एक, आणि मग साहेब उतरून गाडी हातानं ढकलत परत आले. बराच वेळ त्यांनी कमरेवर हात ठेवला होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सगळे रस्ते नव्यानं तपासा. पुढच्या शनिवारपर्यंत अहवाल. त्यानंतरच्या सोमवारी यादी जाते." कोट घालता घालता, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते मला म्हणाले, "हजीऱ्यापुढची सडक नीट बघा. तिच्यावर मी उन्हात उभा राहिलो आहे."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा. मी ग्वाल्हेरच्या रस्त्यांची एकेक करून माफी मागत फिरलो. पडावचा रस्ता, दोन उड्या, चांगला. किल्ल्याखालचा, चार, चांगला. मुरारकडचा, एक, तीही कुत्रं आडवं आल्यामुळे. गाडी माझ्याखाली दबायची आणि वर यायची, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपलंही वजन आहे आणि कोणीतरी ते बोटांनी मोजून घेतलेलं आहे. मी शीळ घालत होतो. हजीऱ्याच्या गल्लीवरून मुद्दाम दोनदा गेलो.

शुक्रवारी दुपारी नवी सडक तेवढी राहिली होती. पहिल्या फर्लांगातच मी उडालो. मला वाटलं, चुकून झालं. मग पुन्हा उडालो, मग ठक्क असा तो आवाज आला, लोखंडावर लोखंडाचा, आणि मी गाडी थांबवली.

उतरून पाहिलं. वर मुरमाचा पापुद्रा होता, बोटानं उकरला तर निघून आला. खाली गिट्टी, म्हणजे खडी, टाकलेली होती, दाबलेली नव्हती. रोलर एकदा फिरवून नेला असावा. कडा आताच खचल्या होत्या. एक बैलगाडीवाला रस्ता सोडून शेताच्या कडेनं चालला होता. मी त्याला विचारलं नाही, तो आपणहून म्हणाला, "सड़क से तो बैल के पांव टूट जाएंगे, बाबूजी." मोटारीतून फिरणाऱ्या साहेबांना हे कळलं नसेल, किंवा कळलं असेल. पहिल्या अहवालातले सगळे रस्ते मी चुकीचे लिहिले होते, हा एक सोडून.

बाभळीखाली बसून मी कागद मांडीवर घेतला. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, यादीचा वरचा भाग आणि खालचा भाग, सासरे, आत्या. उरलेली सडक मी मोजून आलो होतो, मैलाला एकतीस उड्या झाल्या होत्या. मी लिहिलं, 'चार. चांगला.' मग पेन्सिल ओली करून ते पुन्हा गडद केलं.

शनिवारी सकाळी साहेबांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला. हजीऱ्याच्या ओळीवर ते जरा थांबले. "आता कसं," ते म्हणाले आणि सही केली. हेडकारकुनानं माझं अभिनंदन केलं. आत्याला निरोप द्यायला मी शिपाई पाठवला, मी स्वतः घरी जाईपर्यंत धीर निघाला नसता.

गाडी ठेवायला मोटारखान्यात गेलो. मिस्त्रींना मी बातमी सांगितली. त्यांना माझ्याइतकाच आनंद झाला. सवयीनं ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि स्प्रिंगेवरून त्यांनी बोट फिरवलं. त्यांनी दिलेला काळा रंग सगळ्या वेटोळ्यांच्या कडांवर उडाला होता, खाली लोखंड पांढरं दिसत होतं.

"ही आदळली आहे, बाबूसाहेब. जोरात आदळली आहे. कुठे नेली होती?"

"हजीऱ्यापुढे. नव्या सडकेवर."

"सडक खराब आहे का?"

हेडकारकून माझ्याबरोबर आले होते, ते अजून फाटकात उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "चांगली आहे. तसं लिहून दिलं."

मिस्त्रींनी मान हलवली. चांगल्या रस्त्यावर स्प्रिंग आदळत असेल तर दोष ती बसवणाऱ्याचा, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी पाने मागवले आणि सगळं खोललं. मला बसवलं, उतरवलं, बोटं लावली. दोन बोटं बरोबर येत होती. पुन्हा खोललं. चकतीचे सगळे आटे मोजले. उन्हं उतरेपर्यंत ते शोधत होते आणि मी पाना धरून शेजारी होतो.

शेवटी त्यांनी हात पुसले आणि ते पालथे-उताणे करून पाहिले.

"माझ्याच हाताची चूक असेल," ते म्हणाले. "आता पहिल्यासारखं कळत नाही बोटांना."

"असेल," मी म्हणालो.